ऊतीदानाच्या अर्जात गुडघ्याची कूर्चाही येऊ द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि
मा. संचालक, विभागीय व राज्य अवयव आणि ऊती प्रत्यारोपण संस्था (रोटो-सोटो), केईएम रुग्णालय, परळ, मुंबई

विषय : तरुण रुग्णांच्या गुडघ्यासाठी ताज्या कूर्चेची सार्वजनिक ऊतीपेढी सुरू करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यात फिजिओथेरपिस्ट आहे. कबड्डीची पोरं-पोरी, तालमीतले पैलवान आणि पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारे तरुण हे माझे नेहमीचे रुग्ण. त्यांच्या वतीनं मागणी आधीच मांडते. मृत्यूनंतर दान मिळालेल्या गुडघ्यातली जिवंत कूर्चा (हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी) जपून ठेवणारी आणि ती गरजू तरुणापर्यंत वेळेत पोचवणारी एक तरी सार्वजनिक ऊतीपेढी महाराष्ट्रात हवी. आणि ऊतीदानाबद्दल, म्हणजे त्वचा, हाडं यांसारख्या ऊतींच्या दानाबद्दल, नातेवाइकांशी बोलताना कूर्चेचं नाव घेतलं जायला हवं. ही मागणी कशासाठी आणि ती वाटते तेवढी अवघड का नाही, हे सांगायला पुढचं पत्र.

गुडघेदुखी म्हटलं की आपल्याकडे साठी ओलांडलेली आजी डोळ्यांपुढे येते. वंगण संपलंय, गादी झिजलीय, गॅप आलाय, आता सांधा बदलायचा, ही सगळी भाषा तिच्यासाठी. माझ्या टेबलावर येतात ते विशीतले. चढाईत पाय पकडला जातो, अंग एकीकडे वळतं, गुडघा दुसरीकडे. टक्कन आवाज येतो. लिगामेंट (हाडांना हाडांशी बांधून ठेवणारा बंध) तुटलं असेल तर त्याचं ऑपरेशन आता मिरज-कोल्हापुरात सर्रास होतं. मांडीमागचा कंडरा काढून नवं लिगामेंट बसवतात, आणि बहुतेक पोरं परत मॅटवर जातात. अडचण असते ती एमआरआयच्या रिपोर्टातल्या दुसऱ्या ओळीत. तिथं लिहिलेलं असतं, मांडीच्या हाडाच्या टोकावर कूर्चेला ‘ग्रेड फोर’ इजा. म्हणजे कूर्चेचा कपचा थेट हाडापर्यंत निघालेला. कधी नखाएवढा, कधी रुपयाच्या नाण्याएवढा. या ओळीकडे घरच्यांचं लक्ष जात नाही, कारण ‘लिगामेंट तुटलं’ हे त्यांना कळलेलं असतं आणि ऑपरेशनची तारीखही मिळालेली असते. सहा-आठ महिन्यांनी लिगामेंट ठणठणीत असतं, पण जिना उतरताना गुडघा आतून बोचतो आणि सरावानंतर त्यात पाणी भरतं. मग ती मुलगी माझ्यापुढे बसून विचारते, “ताई, ऑपरेशन फसलं का?”

फसलेलं नसतं. खड्डा तसाच राहिलेला असतो.

हाडांच्या टोकांवरची ही कूर्चा जेमतेम 2 ते 4 मिलिमीटर जाड असते. तिच्यात दोन तृतीयांशाहून अधिक पाणी, बाकी कोलॅजेनचं जाळं, आणि त्यात विरळ पसरलेल्या थोड्या पेशी. रक्तवाहिनी एकही नाही, मज्जातंतूही नाही. म्हणूनच ती आयुष्यभर घासली गेली तरी दुखत नाही आणि म्हणूनच एकदा तुटली की भरून येत नाही. रक्तच पोचत नाही तिथं खपली धरणार कशी? विल्यम हंटर यांनी 1743 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हेच सांगितलं होतं की नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही. 280 वर्षं उलटून गेली, गुडघ्यानं काही आपला स्वभाव बदललेला नाही.

डॉक्टरांच्या हातात काहीच नाही असं मात्र नाही. लहान खड्डा असेल तर दुर्बिणीतून उघड्या हाडाला टोच्यानं बारीक भोकं पाडतात. मज्जेतलं रक्त वर येतं, गोठतं आणि त्यातून एक भरावाची कूर्चा तयार होते. याला मायक्रोफ्रॅक्चर म्हणतात. सोपं, स्वस्त, आणि दोन चौरस सेंटिमीटरच्या आतल्या जखमेला बरेचदा पुरेसं. पण ही भरावाची कूर्चा मूळच्यासारखी नसते, तंतुमय असते, आणि उड्या मारणाऱ्या गुडघ्यात काही वर्षांनी तिचा जोर ओसरतो. दुसरा मार्ग बुडापेस्टच्या लास्लो हांगोडी यांनी 1990च्या दशकात रूढ केलेला. त्याच गुडघ्याच्या कडेला, जिथं वजन कमी येतं तिथून, हाडासकट कूर्चेच्या काही मिलिमीटरच्या गुल्ल्या काढायच्या आणि खड्ड्यात शेजारी शेजारी ठोकायच्या. मोझॅइकप्लास्टी. छान चालते, पण मोठ्या खड्ड्याला पुरेल एवढा माल स्वतःच्या गुडघ्यात नसतोच, आणि जिथून काढला तिथंही भोकं राहतातच.

तिसरा मार्ग पेशी वाढवण्याचा. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या मॅट्स ब्रिटबर्ग, लार्स पीटरसन आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये 23 रुग्णांचे निकाल प्रसिद्ध केले, तेव्हा जगभर खळबळ उडाली होती. रुग्णाच्याच कूर्चेचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढायचा, काही आठवडे प्रयोगशाळेत त्यातल्या पेशी वाढवायच्या आणि दुसऱ्या ऑपरेशनमध्ये त्या खड्ड्यात सोडायच्या. हे आता भारतातही होतं. पेशी वाढवणारी प्रयोगशाळा तर आपल्या लोणावळ्यात आहे. तंत्र उत्तम. पण ऑपरेशनं दोन, खर्च लाखांत, आणि कूर्चेखालचं हाडही गेलं असेल तर नुसत्या पेशी सोडून भागत नाही, आधी हाड भरावं लागतं. माझ्याकडे येणाऱ्या शेतकरी आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांपैकी कुणालाही हा खर्च झेपलेला मी पाहिलेला नाही.

उरतो तो चौथा मार्ग, ज्यासाठी हे पत्र आहे. दात्याच्या गुडघ्यातून कूर्चा आणि तिच्याखालचं पातळ हाड असा अखंड तुकडा काढून रुग्णाच्या खड्ड्यात बरोबर मापानं बसवायचा. कल्पना जुनीच. जर्मनीत एरिख लेक्सर यांनी 1908 मध्येच दुसऱ्याच्या शरीरातले सांधे रोपून पाहिले होते. पण पद्धतशीर काम उभं राहिलं ते टोरोंटोत, डॉ. अ‍ॅलन ग्रॉस यांच्याकडे, 1972 पासून. 2005 मध्ये त्यांनी दीर्घकाळाचा हिशोब मांडला. मांडीच्या हाडाकडच्या कलमांपैकी, म्हणजे अशा बसवलेल्या तुकड्यांपैकी, 10 वर्षांनी 85 टक्के आणि 15 वर्षांनी 74 टक्के टिकलेली होती. हे रुग्ण बहुतेक तरुण, अपघातात गुडघा दुखावलेले. म्हणजे आपल्या रुग्णांसारखेच.

या शस्त्रक्रियेचं चित्रण मी बारकाईनं पाहिलं आहे, आणि तुम्हीही एकदा पाहावं असं सुचवीन. सर्जन आधी रुग्णाच्या खड्ड्यावर एक दंडगोल मापक ठेवतात. समजा व्यास 22 मिलिमीटर ठरला. मग त्याच मापाचा पोकळ कटर फिरवून खराब भाग निरोगी, रक्त पाझरणाऱ्या हाडापर्यंत साफ करतात. तयार झालेल्या गोल खाचेची खोली चारही बाजूंनी मोजतात आणि घड्याळाच्या बाराच्या जागी पेनानं खूण करतात. बाजूच्या टेबलावर दात्याच्या हाडाचं टोक शिकंज्यात धरलेलं असतं. गोलाई जिथं तंतोतंत जुळते ती जागा शोधून तेवढाच दंडगोल कापायचा, खालचं हाड सहा-आठ मिलिमीटर ठेवायचं, बाकी घासून टाकायचं. मग पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं त्या हाडातली मज्जा धुऊन काढतात, कारण शरीरानं परकं म्हणून नाकारण्यासारखं काही असेल तर ते त्या मज्जेत असतं. शेवटी बाराची खूण जुळवून तुकडा बोटानं हलकेच आत दाबतात. हातोडा शक्यतो नाहीच. ठोके बसले तर कूर्चेतल्या पेशी मरतात. बऱ्याचदा स्क्रूही लागत नाही. कडेवरून बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये.

आता यातली तुमच्या कामाची गोष्ट. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत आणि तिच्या पेशी घट्ट जाळ्यात दडलेल्या असतात, त्यामुळे शरीराच्या पहारेकऱ्यांना त्या सहसा सापडत नाहीत. मूत्रपिंडासारखी रक्तगटाची जुळणी इथं लागत नाही, जन्मभर महागड्या गोळ्या खाव्या लागत नाहीत. जुळवायचं असतं ते माप. रुग्णाच्या एक्स-रेवर किंवा एमआरआयवर हाडाची रुंदी मोजायची आणि दात्याच्या गुडघ्याशी ताडून पाहायची. एवढंच. आणि दाता मेंदूमृतच असला पाहिजे असंही नाही. हृदय थांबल्यानंतरही, देह लगेच शीतगृहात ठेवला असेल तर, सुमारे 24 तासांच्या आत कूर्चा काढता येते. नेत्रदान आणि त्वचादानाला आपल्याकडे सहा तासांची घाई असते, त्या मानानं हा अवधी मोठा.

अवघड आहे ते साठवणं. कूर्चा गोठवली की तिच्यातल्या पेशी बहुतांश मरतात. किरणांनी निर्जंतुक केली तर सगळ्याच मरतात. मेलेली कूर्चा चार दिवस बरी दिसते आणि मग भुगा होते. म्हणून ती पोषक द्रावात, 4 अंश सेल्सिअसला, ताजी ठेवावी लागते, आणि साधारण 28 दिवसांच्या आत रुग्णाच्या गुडघ्यात जावी लागते. त्यातले पहिले 14 दिवस तपासण्यांत जातात : एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, आणि जिवाणूंची कल्चर (ऊतीत जिवाणू वाढतात का, ही तपासणी). हातात राहतात दोन आठवडे. त्यात मापाचा रुग्ण शोधायचा, त्याला बोलवायचं, ऑपरेशन थिएटर मोकळं करायचं. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठातल्या मंडळींनी खोलीच्या तापमानाला कूर्चा सुमारे दोन महिने जिवंत ठेवण्याची पद्धत काढली आहे, पण आपण सुरुवात साध्या फ्रिजनंच करू.

तपासण्यांच्या त्या 14 दिवसांत काटकसर करायची नाही, हेही इथंच नोंदवते, कारण सरकारी कामात घाईनं उद्घाटन आणि निवांत नियमावली असा क्रम लागायला वेळ लागत नाही. 2001 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात 23 वर्षांच्या एका तरुणाच्या गुडघ्यात असंच कलम बसवलं. शस्त्रक्रिया साधी, ठरवून केलेली. काही दिवसांत क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जिवाणूच्या संसर्गानं तो गेला. चौकशीत निघालं की दात्याचा देह 19 तास शीतगृहाबाहेर होता. त्यानंतर तिथले ऊतीपेढ्यांचे नियम कडक झाले, 2005 पासून नवी नियमावलीच लागू झाली. आपल्याला तो धडा आयता मिळालेला आहे. देह शीतगृहात किती वाजता गेला, ही वेळ लिहिल्याशिवाय पुढचं पाऊल नाही, इतका साधा नियम पहिल्या दिवसापासून असावा.

कायदा आड येतो का? नाही. 1994च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात 2011च्या दुरुस्तीनं ऊती आल्या. रक्त सोडून शरीरात विशिष्ट काम करणारा पेशींचा समूह म्हणजे ऊती, ही तिथली व्याख्या कूर्चेला पुरेपूर लागू पडते. ऊतीपेढीची नोंदणी कशी करायची तेही कलम 14-अ मध्ये आहे. 2014च्या नियमांत दानाच्या संकल्पाचा फॉर्म 7 आहे. त्यात बुबुळं आहेत, त्वचा आहे, हाडं आहेत, हृदयाच्या झडपा आणि रक्तवाहिन्याही आहेत. कूर्चा ‘इतर कोणतीही ऊती’ या ओळीत गडप झाली आहे. दानाबद्दल घरच्यांशी बोलणाऱ्या समन्वयकानं तिचं नाव घेतलं नाही तर नातेवाइकांना ती सुचणार कुठून? फॉर्म केंद्राच्या नियमांतला आहे, तो मुंबईत बसून बदलता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण समुपदेशनाचा कागद राज्याचा आहे. त्यात ‘गुडघ्याची कूर्चा’ हे दोन शब्द घालायला दिल्लीची परवानगी लागत नसावी.

महाराष्ट्राला तर या कामाचा अनुभव आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयातली ऊतीपेढी 1988 पासून चालू आहे. गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं हाड आणि गर्भावरण तिथं तयार होतं. भाभा अणुसंशोधन केंद्राचा ट्रॉम्बेतला निर्जंतुकीकरणाचा प्रकल्प त्याही आधीचा, 1974चा. शीव रुग्णालयातली त्वचापेढी 2000 सालापासून जळीत रुग्णांना जगवते आहे. दात्याच्या घरी जाणारं पथक, संमतीचे कागद, नमुन्यांची तपासणी, साठ्याची नोंदवही ही घडी बसलेली आहे. फक्त मारून ठेवायच्या ऊतींबरोबर जिवंत ठेवायची आणखी एक ऊती तिच्यात बसवायची आहे. आणि वाट पाहणाऱ्यांची यादी? मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समन्वय समित्या मूत्रपिंड-यकृताच्या याद्या वर्षानुवर्षं सांभाळतात. त्यात हाडाच्या रुंदीचा एक रकाना वाढवला की झालं.

एक अवघड मुद्दा मात्र टाळणार नाही. कूर्चेसाठी दाता साधारण 15 ते 40 वयाचा लागतो, कारण त्यानंतर तीही झिजायला लागते. आणि या वयात माणसं मरतात ती बहुतेक अपघातानं. म्हणजे पोलीस पंचनामा, शवविच्छेदन, आणि शवागाराबाहेर थांबलेलं, पुरतं कोसळलेलं घर. कायद्याच्या कलम 6 मध्ये शवविच्छेदनासाठी आलेल्या देहातून अवयव काढण्याबद्दल तरतूद आहे. पण शवागारातल्या डॉक्टरला ती माहीत असणं आणि ठाण्यातल्या हवालदाराला ती माहीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी. न्यायवैद्यक विभाग, पोलीस आणि समन्वयक यांनी एकत्र बसून एका पानाची कार्यपद्धती लिहिली नाही तर बाकीची पेढी नुसती फ्रिज होऊन बसेल.

आणि घरच्यांना काय सांगायचं? खरं तेच. गुडघा अखंड काढला जातो, त्याजागी आधार घालून पाय पूर्वीच्याच लांबीचा करतात, टाके घालतात, पट्टी बांधतात. देह घरी येतो तेव्हा पाय सरळ असतो, कपड्याखाली वेगळं काही दिसत नाही. अंत्यविधी ठरल्या वेळेला, ठरल्या रीतीनं होतो. “देह अपुरा जाईल” ही भीती नेत्रदानाच्या वेळीही होती. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी ती वर्षानुवर्षं घरोघर बसून घालवली. हाडांबद्दल, पायांबद्दल ती जास्त असेल, हे मान्य. पण आईबापांना विचारलंच नाही तर ते हो म्हणणार की नाही, हे आपण परस्पर ठरवून टाकतो. एका दात्याच्या दोन गुडघ्यांतून चार-पाच जणांचे खड्डे भरू शकतात, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

पैशांचं बोलू. 16 ऑगस्ट 2017 रोजी केंद्रानं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमच्या सांध्याची किंमत जीएसटी सोडून 54,720 रुपये ठरली, आणि कितीतरी आजी-आजोबा पायांवर उभे राहिले. चांगलं काम झालं. पण त्याच वर्षी लॅन्सेटमध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासानुसार पन्नाशीच्या सुरुवातीला गुडघा बदललेल्या पुरुषांपैकी सुमारे 35 टक्क्यांना आयुष्यात पुन्हा ती शस्त्रक्रिया करावी लागू शकते. सत्तरीनंतर बदलला तर हेच प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपास. मग बावीस वर्षांच्या पोराला “पन्नाशीपर्यंत सांभाळ, मग बदलू” म्हणणं हा उपचार कसा म्हणायचा? मधली अठ्ठावीस वर्षं त्यानं काय करायचं? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण आता कुटुंबाला 5 लाखांपर्यंत आहे. त्यात ताज्या कूर्चेच्या प्रत्यारोपणाला स्वतंत्र आणि स्पष्ट पॅकेज हवं, आणि त्यात शस्त्रक्रियेनंतरची फिजिओथेरपीही हवी. ती वगळली तर ऑपरेशनचा खर्च पाण्यात.

हे शेवटचं वाक्य माझ्या धंद्याच्या सोयीसाठी लिहिलेलं नाही, थोडं उलगडून सांगते. कलम बसवल्यावर खालचं हाड जुळेपर्यंत साधारण सहा आठवडे त्या पायावर पूर्ण भार चालत नाही. आम्ही रुग्णाला घरच्या वजनकाट्यावर पाय ठेवायला लावतो. काटा दहा किलोवर आला की थांब, हा एवढाच भार तुझा. कुबड्या काखेत, डोळे काट्यावर, आणि घामाघूम झालेला पैलवान, ज्यानं आयुष्यात दहा किलो कधी मोजलेच नाहीत. गुडघा मात्र हलता ठेवावा लागतो, कारण कूर्चेला पोषण मिळतं ते सांध्यातल्या पाण्यातून आणि ते पाणी खेळतं हालचालीनं. त्यासाठी पाय आपोआप वाकवणारं यंत्र दिवसातले काही तास लावतात. शहरात ते भाड्यानं मिळतं. वाळव्याच्या पुढच्या वाडीवर नेलं तर लाईट कधी जाईल सांगता येत नाही. शिवाय घरात संडास भारतीय पद्धतीचा, जेवण मांडी घालून, झोप खाली अंथरुणावर. सहा आठवडे उकिडवं बसायचं नाही म्हटलं की सासू-सून दोघी माझ्याकडे बघत राहतात. खुर्चीचा संडास मी बहुतेकांना कुणाकडून तरी मागून आणायला लावते. पळणं सहा-आठ महिन्यांनी, मॅट वर्षाच्या आसपास, आणि तेही सगळं सुरळीत गेलं तर. पोलीस भरतीचे 1600 मीटर या वर्षी विसर, हे एका भरतीच्या पोराला सांगणं ऑपरेशनपेक्षा अवघड असतं. त्याच्या वयाची अट त्याच्यासाठी थांबत नाही.

हा रामबाण उपाय नाही. सगळा गुडघा झिजलेल्या वयस्कर माणसाला याचा उपयोग नाही. पाय धनुष्यासारखा वाकडा असेल तर आधी हाड कापून सरळ करावं लागतं, नाहीतर नवं कलमही त्याच भाराखाली दबून जातं. तुटलेलं लिगामेंट तसंच ठेवून कूर्चा लावणं म्हणजे गळक्या छताखाली रंगकाम. वजन फार असेल, सिगारेट-तंबाखू सुटत नसेल तर निकाल घसरतो. म्हणून कुणालाही, कुठेही हे करू द्यावं असं मी म्हणत नाही. एक-दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं निवडा, तिथल्या सर्जनना जिथं हे रोज होतं तिथं पाठवा, आणि प्रत्येक कलमाची नोंद पहिल्यापासून ठेवा. पाच वर्षांनी किती टिकली हे आपल्याच आकड्यांतून कळू द्या.

कारण आत्ता ही जागा रिकामी नाही. ती भरायला इतर लोक बसलेत. ‘ऑपरेशनशिवाय कूर्चा पुन्हा वाढवा’ अशा पाट्या आता तालुक्यालाही दिसतात. स्टेम सेलची इंजेक्शनं, एकेक हजारोंची. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गुडघ्याच्या कूर्चेसाठी स्टेम सेल हा नेहमीचा उपचार नाही, परवानगी घेतलेल्या संशोधनातच तो देता येतो. ही ओळ पाटीखाली कुणी लिहीत नाही. म्हशी विकून तीन-तीन सुया घेतलेली पोरं माझ्याकडे येतात, खड्डा जिथल्या तिथं. त्यांना रागवायचा मला तरी अधिकार वाटत नाही. सरकारी दवाखान्यात त्यांना “आराम कर” याखेरीज काही मिळालेलं नसतं.

तेव्हा तुमच्याकडून तीन गोष्टींचं उत्तर हवं आहे, आणि ते गुळमुळीत नको. समुपदेशनाच्या कागदात कूर्चेचं नाव कधीपर्यंत येईल? पेढीसाठी कोणत्या रुग्णालयाचा विचार करता येईल, की सध्याच्या एखाद्या ऊतीपेढीलाच हे काम जोडता येईल? आणि शवविच्छेदनाच्या प्रकरणांसाठी न्यायवैद्यक विभागाबरोबर बैठक कोण बोलावणार?

आमच्या बाजूनं सुरुवात करायला अडचण नाही. इकडचे दोन-तीन सर्जन तयार आहेत. ज्या तरुणांच्या रिपोर्टात ती दुसरी ओळ आहे त्यांचे एक्स-रे मोजून, वय, गुडघा डावा की उजवा, खड्ड्याचं माप आणि हाडाची रुंदी अशी यादी आम्ही या महिन्यापासून ठेवतो आहोत. ती दर तीन महिन्यांनी कोणत्या पत्त्यावर पाठवायची, तेवढं कळवावं.

आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट
सांगली जिल्हा